बार आणि हॉटेलच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचं साहित्य: आधी गेस्टचं वाक्य, मग आपलं

हॉटेल मॅनेजमेंटचे वर्ग, आयटीआयमधले फूड सर्व्हिसचे ट्रेड, तीन-सहा महिन्यांचे बारटेंडिंग कोर्स. या सगळीकडे शिक्षकांनीच तयार केलेली इंग्रजीची एक पुस्तिका असते आणि ती बहुतेक एकाच साच्यातली असते. पहिल्या पानावर ग्लासांची चित्रं, मग स्पिरिट्सची यादी, मग "गुड इव्हिनिंग सर, वेलकम टु अवर रेस्टॉरंट"ने सुरू होणारा दोन पानी संवाद. मुलं तो तोंडपाठ करतात. मग शनिवारी रात्री काउंटरवर कोणीतरी म्हणतं, "जी अँड टी, ईझी ऑन द आइस, अँड कॅन वी स्टार्ट अ टॅब?" (जिन-टॉनिक, बर्फ कमी, आणि बिल शेवटी एकत्र.) पाठ केलेल्यातलं एकही वाक्य इथे कामाला येत नाही.

त्या पुस्तिकेत विद्यार्थ्याने काय बोलायचं ते आहे, पण गेस्ट काय बोलेल ते नाही. स्टुअर्ड (म्हणजे वेटर) किंवा बारटेंडरचं बोलणं नेहमी उत्तरादाखल असतं, त्यामुळे समोरचं वाक्य कळलं नाही तर पाठ केलेलं उत्तर वापरणार कुठे? म्हणून साहित्य बांधताना सुरुवात गेस्टच्या वाक्यापासून करायची. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने लावले आहेत.

(या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. विद्यार्थ्याच्या पानावर ती रोमन लिपीतच हवीत. त्याचं कारण टप्पा ६ मध्ये आहे.)

टप्पा १: कोणासाठी आणि किती तासांत

"हॉस्पिटॅलिटी इंग्लिश" नावाची एकच गोष्ट नसते. फ्रंट ऑफिसचा मुलगा बुकिंग, ओळखपत्र आणि चेक-आउटच्या वेळेबद्दल बोलतो. हाउसकीपिंगला टॉवेल, गळका नळ आणि "डू नॉट डिस्टर्ब" लागतं. स्टुअर्डला मेन्यू आणि तक्रारी, तर बारटेंडरला मापं, बदल आणि नकार. चौघांना एका पुस्तिकेत कोंबलं की प्रत्येकाचा तीन चतुर्थांश वेळ दुसऱ्याच्या कामात जातो. एक भूमिका निवडा. इथे पुढे बारटेंडर आणि बारमधला स्टुअर्ड धरले आहेत.

तासांचा हिशेब आधी कागदावर मांडा. ४० तास मिळत असतील तर ९० मिनिटांचे १६ घटक करा, म्हणजे २४ तास. उरलेले १६ तास मॉक बारवरच्या (वर्गातल्या नकली बारवरच्या) सरावाला, उजळणीला आणि चाचणीला ठेवा. ४० तासांत ४० धडे बसवणारे शिक्षक सरावच कापतात.

पातळी ठरवायला व्याकरणाचा पेपर नको. प्रत्येकी दहा मिनिटांची छोटी चाचणी पुरते:
- दहा आकडे ऐकून लिहायला द्या. किमती, टेबल नंबर, मिलिलिटर.
- पाच प्रश्न तोंडी विचारा. त्यातले दोन मुद्दाम थोडे भरभर.
- न कळल्यावर विद्यार्थी काय करतो ते बघा. गप्प राहतो, "येस सर" म्हणतो की परत विचारतो?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. न कळताच "येस सर" म्हणणाऱ्या मुलासाठी पहिला घटक वेगळा लागतो.

तपासा: मेन्यू मोठ्याने वाचून घेऊन पातळी ठरवली असेल तर ती रद्द करा. वाचता येणाऱ्याला ऐकताही येतं, असं नसतं.

टप्पा २: वाक्यं गोळा करा

हे काम टाळलं की पुढचं सगळं अंदाजाने होतं. जिथे विद्यार्थी नोकरीला लागतात अशा तीन वेगवेगळ्या प्रकारच्या जागा निवडा. उदाहरणार्थ मुंबई-पुण्यातल्या हॉटेलचा लाउंज बार, नाशिककडच्या एखाद्या वाइनरीची टेस्टिंग रूम, गोव्यातला किनाऱ्यावरचा शॅक. गावातल्या परमिट रूममध्ये बहुतेक बोलणं मराठी-हिंदीत होतं. तिथे इंग्रजी शोधत बसू नका, पण तिथली बार-बोली टिपून ठेवा, ती टप्पा ३ मध्ये लागेल.

मॅनेजरची परवानगी घ्या आणि शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री ८ ते ११ बारच्या टोकाला वही घेऊन बसा. वहीत चार रकाने आखा: गेस्ट काय म्हणाला, स्टाफ काय म्हणाला, मग काय झालं, कुठे अडलं. चौथा रकाना भरला की घटकांचे विषय आपोआप समोर येतात.

सावधान: गेस्टचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करू नका, नावं आणि रूम नंबर लिहू नका. वाक्य लिहिलं की पुरे.

याशिवाय गोळा करायचे कागद: ड्रिंक्स मेन्यू, कोरे केओटी आणि बीओटी (किचनला आणि बारला ऑर्डर कळवायच्या चिठ्ठ्या), बार उघडताना-बंद करतानाची चेकलिस्ट, ब्रेकेज रजिस्टरचं (फुटलेल्या वस्तूंच्या नोंदवहीचं) एक पान. कामावरच्या बारटेंडरांना एकच प्रश्न विचारा: "कुठलं वाक्य कानावर पडलं की पोटात गोळा येतो?" याची उत्तरं कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा उपयोगी असतात. वेबसाइटवरच्या तक्रारीही वाचा. चिडलेला गेस्ट इंग्रजी कसं वापरतो हे तिथे लेखी मिळतं.

गेस्टची निदान १५० वाक्यं हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग ती गेस्टच्या हेतूनुसार लावा: मागणं, बदलणं, शंका विचारणं, तक्रार, पैसे, गप्पा. एकाच हेतूची वेगवेगळी रूपं शेजारी ठेवा. दुसरं ड्रिंक हवं असलेला माणूस "सेम अगेन, प्लीज" म्हणेल, "अनदर वन ऑफ दीज", "वन मोअर फॉर मी", "आय'ल हॅव द सेम" म्हणेल, किंवा नुसता ग्लास उचलून "व्हेन यू गेट अ सेकंद" म्हणेल. या पाचांचं उत्तर एकच आहे. विद्यार्थ्याने ऐकताना पाच रूपं ओळखायची आणि बोलताना एकच वापरायचं. साहित्यातली ऐकण्याची बाजू रुंद आणि बोलण्याची बाजू अरुंद ठेवा. नेमकं उलटं केलं जातं: विनंतीची सहा रूपं मुलांकडून घोकून घेतात आणि गेस्टचं मात्र एकच छापतात.

टप्पा ३: आपल्या बारमधलं इंग्रजी वेगळं काढा

हा टप्पा बहुतेक पुस्तिकांत नसतोच. आपल्याकडच्या बारमध्ये जे इंग्रजी शब्द रोज चालतात त्यांतले बरेच बाहेरच्या गेस्टला कळत नाहीत, किंवा भलतेच कळतात. विद्यार्थ्याला वाटतं, हा तर इंग्रजीच शब्द आहे. गैरसमज तिथेच सुरू होतो.

लार्ज, स्मॉल: आपल्याकडे लार्ज म्हणजे ६० मिलि, स्मॉल म्हणजे ३०. ब्रिटिश गेस्ट सिंगल-डबल म्हणतो आणि त्याचं सिंगल २५ किंवा ३५ मिलिचं असतं. अमेरिकन गेस्टच्या डोक्यात साधारण ४४ मिलिचा शॉट असतो. "लार्ज ऑर स्मॉल, सर?" या प्रश्नावर तो ग्लासच्या आकाराचा विचार करतो. शिकवायचं वाक्य: "थर्टी एमएल ऑर सिक्स्टी?"

पाइंट: आपल्याकडे ३३० मिलिची बाटली. ब्रिटनमध्ये ५६८ मिलि, अमेरिकेत ४७३. पाइंट मागणाऱ्या ब्रिटिश माणसापुढे छोटी बाटली ठेवली की त्याला फसवल्यासारखं वाटतं. आधीच सांगायचं: "अवर पाइंट इज अ थ्री-थर्टी एमएल बॉटल. द लार्ज बॉटल इज सिक्स-फिफ्टी."

रिपीट: "रिपीट, सर?" ऐकून परदेशी गेस्ट आपलंच वाक्य पुन्हा बोलून दाखवतो. "वुड यू लाइक अनदर वन?" पुरतं.

ड्राय: शब्दार्थाच्या रकान्यात "कोरडा" लिहिलेलं सर्रास दिसतं. वाइनच्या बाबतीत ड्राय म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली. ड्राय मार्टिनीत व्हर्मुथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) कमी. ड्राय डे तिसराच.

नीट, ऑन द रॉक्स, स्ट्रेट अप: नीट म्हणजे बाटलीतून थेट, बर्फ नाही, पाणी नाही. ऑन द रॉक्स म्हणजे बर्फावर. स्ट्रेट अप म्हणजे बर्फात ढवळून किंवा शेक करून थंड केलेलं आणि गाळून बर्फाशिवाय दिलेलं. नीट आणि स्ट्रेट अप एकच, असं शिकवलेलं वारंवार आढळतं. शिवाय काही गेस्ट "स्ट्रेट" म्हणतात तेव्हा त्यांना नीटच हवं असतं. म्हणून इथे उलट प्रश्न शिकवा: "चिल्ड, ऑर जस्ट नीट?"

लिकर आणि लिक्युअर: पहिलं म्हणजे दारू, दुसरं म्हणजे गोड, स्वाद दिलेलं मद्य. रोमन स्पेलिंग जवळजवळ सारखं, त्यामुळे स्टॉक रजिस्टरमध्येही घोळ होतो.

लेमन आणि लाइम: आपलं रोजचं लिंबू कॉकटेलच्या भाषेत लाइमच्या जवळचं. मोहितोत लाइम. मोठं पिवळं लिंबू ते लेमन.

रेग्युलर वॉटर, पार्सल, चखणा: बाहेरच्या गेस्टसाठी अनुक्रमे फिल्टर्ड वॉटर, टेकअवे, बार स्नॅक्स. "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" (साधं पाणी की बुडबुड्यांचं?) हा प्रश्न गेस्टच्या तोंडूनही येतो, तो ओळखता यायला हवा.

ही यादी विद्यार्थ्याला द्या, पण आपले शब्द चूक ठरवू नका. कोल्हापूरच्या गेस्टला "रिपीट करू का?"च विचारायचं असतं. समोर कोण आहे त्यावर शब्द ठरतो.

टप्पा ४: घटकांचा क्रम लावा

ग्रीटिंग्जवर आख्खा तास घालवू नका. पंधरा मिनिटं पुरतात. क्रम असा ठेवा:

१. न कळल्यावर काय म्हणायचं
२. आकडे: माप, किंमत, टेबल, रूम
३. ऑर्डर घेणं आणि परत वाचून दाखवणं
४. ड्रिंकमध्ये बदल
५. ड्रिंक समजावून सांगणं
६. नाही, संपलं, उशीर होईल
७. ॲलर्जी आणि खाण्यापिण्याचे नियम
८. तक्रार
९. बिल आणि पेमेंट
१०. नकार देणं

सोळापैकी उरलेले सहा घटक वाढीव सरावाला आणि तुमच्या भागातल्या खास गरजांना ठेवा. वाइन टेस्टिंग, फेनीची माहिती, बँक्वेट बार, क्रूझच्या मुलाखती, जे लागेल ते.

पहिला घटक पहिलाच का? "सॉरी, वॉज दॅट विथ आइस ऑर विदाउट?" एवढं म्हणता आलं की विद्यार्थी कुठल्याही गेस्टसमोर उभा राहू शकतो. नुसतं "पार्डन?" शिकवू नका. त्यावर गेस्ट तेच वाक्य तेवढ्याच वेगाने पुन्हा म्हणतो. कळलेला भाग धरून न कळलेला भाग विचारायला शिकवा: "टू मोहितोज, अँड...?"

आकड्यांमध्ये खरा सापळा फिफ्टीन-फिफ्टी आणि थर्टीन-थर्टीचा आहे. शेवटचा "न" गजबजाटात ऐकू येत नाही. आघात कुठे पडतो ते ऐकायचं: फिफ्-टीनमध्ये दुसऱ्या भागावर, फिफ्-टीमध्ये पहिल्यावर. तरी खात्री नको. "वन-थ्री ऑर थ्री-झीरो?" असं विचारायची सवय लावा, नाहीतर तेरा नंबरच्या रूमचं ड्रिंक तीस नंबरच्या बिलात जातं.

तपासा: घटकाचं नाव "प्रेझेंट कंटिन्युअस" किंवा "मोडल्स" असेल तर तो घटक व्याकरणावरून बांधलेला आहे. नाव गेस्टच्या हेतूवरून द्या, व्याकरण त्याच्या आत येऊ द्या.

टप्पा ५: एक घटक पूर्ण बांधून बघा

सोळाही घटक एकदम लिहायला घेऊ नका. एक पूर्ण करा, वर्गात चालवा, मग साचा पक्का करा. नमुन्यासाठी घटक ४ घेऊ, ड्रिंकमध्ये बदल. ड्रिंक मोहितो: ४५ मिलि व्हाइट रम, २० मिलि ताजा लाइमचा रस, पुदिन्याच्या ६ काड्या, २ टीस्पून साखर, वर सोडा.

पहिली १० मिनिटं: कागद न देता ऑडिओ. चार गेस्ट मोहितो मागतात, प्रत्येकाचा एक बदल आहे. "नॉट टू स्वीट, प्लीज." "कॅन यू गो ईझी ऑन द मिंट?" "नो शुगर, बट एक्स्ट्रा लाइम." "कुड यू मेक दॅट अ व्हर्जिन?" (म्हणजे दारूशिवाय.) विद्यार्थ्याने फक्त चार कोऱ्या बीओटी भरायच्या.

१० ते २५: बीओटी जुळवा. ज्यांचं चुकलं त्यांना तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवा. आता ऑडिओचा छापील मजकूर द्या आणि बदल सांगणारे शब्द अधोरेखित करायला लावा: ईझी ऑन, नॉट टू, नो, एक्स्ट्रा, व्हर्जिन.

२५ ते ४०: उत्तराची तीनच वाक्यं. मान्य: "शुअर, लेस शुगर." मान्य पण परिणाम सांगून: "आय कॅन लीव्ह आउट द शुगर, बट इट'ल बी क्वाइट सावर." जमत नाही: "आय'म अफ्रेड द मिक्स इज प्री-मेड. कॅन आय ऑफर यू अ फ्रेश लाइम सोडा इन्स्टेड?"

४० ते ५०: जलद सराव. शिक्षक बदल सांगतो, विद्यार्थी परत वाचतो. पुस्तक बंद.

५० ते ८०: मॉक बारवर रोल प्ले, तीन फेऱ्या (टप्पा ७).

८० ते ९०: बीओटी आणि गेस्टचं कार्ड ताडून बघणं. चुका फळ्यावर, नावं न घेता.

एका घटकात नवे शब्द बारापेक्षा जास्त नकोत. मोहितोच्या घटकात मडल (ग्लासात चेचणं), स्प्रिग (काडी), वेज (लिंबाची फोड), टॉप अप (वरून भरणं), स्प्लॅश (किंचित ओतणं) आले की पुरे. स्लाइस, वेज, व्हील आणि ट्विस्ट यांतला फरक चित्राने नाही, खरं लिंबू कापून दाखवा. त्याला दोन मिनिटं लागतात आणि कायमचं लक्षात राहतं.

सावधान: संवाद लिहून झाल्यावर गेस्टची वाक्यं मोजा. ती स्टाफच्या वाक्यांपेक्षा कमी असतील, किंवा सगळी "येस, प्लीज"सारखी गुळगुळीत असतील, तर पुन्हा लिहा. खरा गेस्ट अर्धवट बोलतो, मध्येच मत बदलतो, "ॲक्च्युअली, स्क्रॅच दॅट" (ते राहू दे) म्हणतो.

मराठीतून थेट उचललेल्या वाक्यांसाठी पानाच्या खाली एक छोटी चौकट ठेवा. "बोला सर"चं "टेल मी, सर" होतं आणि ते हुकमी वाटतं, तिथे "व्हॉट कॅन आय गेट यू?" हवं. "बसा"चं "सिट, सर" होतं, हवं "प्लीज हॅव अ सीट." "संपलं"चं "फिश इज फिनिश्ड" होतं, हवं "वी'व्ह रन आउट ऑफ द फिश." "येईल सर"चं "इट विल कम" होतं. गेस्टला वेळ ऐकायची असते: "अबाउट टेन मिनिट्स." "आमच्याकडे सहा वाइन आहेत"चं "वी आर हॅव्हिंग सिक्स वाइन्स" होतं, हवं "वी हॅव सिक्स वाइन्स."

टप्पा ६: उच्चाराचं पान

देशभरासाठी छापलेल्या पुस्तकांत "इस्कॉच" नको, "स्कॉच" म्हणा, असे सराव असतात. मराठी मुलांना त्याची गरज नसते. स्थळ, स्पष्ट, स्वस्त म्हणणाऱ्या जिभेला सुरुवातीचा स अडत नाही. त्या जागी हे घ्या:

व: मराठीत एकच व आहे. व्होडका, व्हर्मुथ, व्हेजिटेरियन यांत वरचे दात खालच्या ओठाला लागतात. वॉटर, वाइन, व्हिस्की, वॉर्म यांत ओठ गोल होतात, दात लागत नाहीत. "व्होडका विथ वॉटर" हा सरावाचा उत्तम तुकडा आहे.

झ आणि स: आइस आणि आइज, प्राइस आणि प्राइझ. "डू यू वॉन्ट आइज?" ऐकलेला गेस्ट हसतो आणि मुलगा पुढे बोलायचंच थांबवतो.

फ: फिश, फेनी, फिल्टर्ड. दोन्ही ओठ बंद करून नाही, दात आणि ओठातून हवा सोडून.

आता लिपीचा मुद्दा. पूर्ण वाक्यं देवनागरीत दिली की विद्यार्थी ती मराठी उच्चाराने आणि मराठी लयीने वाचतो आणि रोमन मेन्यू, बीओटी वाचायची सवयच लागत नाही. म्हणून वाक्यं रोमनमध्ये. पण ड्रिंकच्या नावांना मात्र देवनागरीच उपयोगी. रोमन स्पेलिंगवरून डॅकिरी, कायपिरिन्या, क्वांत्रो, शेनिन ब्लाँ, पिनो न्वार हे उच्चार कोणालाच सापडत नाहीत. नावांची एक पानी यादी दोन्ही लिपींत द्या.

ऑडिओसाठी स्टुडिओ नको. पंखा बंद केलेली खोली, जाड पडदे आणि फोन तोंडापासून वीतभर लांब, एवढं पुरतं. प्रत्येक तुकडा ६० ते ८० सेकंदांचा. निदान चार वेगळे आवाज घ्या. सगळे गेस्ट एकाच शिक्षकाच्या आवाजात असले की विद्यार्थी फक्त त्या शिक्षकाला ऐकायला शिकतो. इंग्रजी मातृभाषा असलेलेच आवाज हवेत असंही नाही. गोव्यात रशियन पर्यटक मोठ्या संख्येने येतात आणि त्यांचं इंग्रजीही शिकलेलंच असतं. आधी स्वच्छ रेकॉर्डिंग करा, मग त्याच्याच दोन प्रती काढून एकीत बारचा हलका आवाज आणि दुसरीत जास्त आवाज मिसळा. पहिल्या आठवड्यात स्वच्छ प्रत, शेवटच्या आठवड्यात गोंगाटाची.

टप्पा ७: रोल प्लेची कार्डं

दोघांच्या हातात तोच संवाद असेल तर ते वाचन झालं. एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसेल तरच बोलावं लागतं. तिघांचा गट करा.

गेस्टचं कार्ड (मराठीत लिहा, म्हणजे इंग्रजी वाक्य त्याला स्वतः जुळवावं लागेल): "तुम्हाला व्हिस्की सावर हवं आहे. तुम्ही अंडं खात नाही. विचारल्याशिवाय सांगू नका. ड्रिंक येण्याआधी एकदा मत बदला."

बारटेंडरचं कार्ड: "आज ताजा पुदिना नाही. व्हिस्की सावरमध्ये एग व्हाइट घालता."

तिसऱ्याचं कार्ड: कोरी बीओटी. तो फक्त ऐकतो आणि लिहितो. शेवटी ती बीओटी गेस्टच्या कार्डाशी जुळते का ते बघायचं. गुण देताना "कॉन्फिडन्स चांगला" असं लिहिण्यापेक्षा ही जुळणी जास्त खरी.

ॲलर्जीच्या कार्डांसाठी आधी घटक नीट तपासा, कारण इथे भाषेची चूक दवाखान्यापर्यंत जाते. ब्लडी मेरीतल्या पारंपरिक वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. माय तायमधलं ऑर्जा सिरप बदामाचं असतं. आणि आपल्याकडे शेंगदाण्याची वाटी ऑर्डरच्या आधीच टेबलावर येते, त्यामुळे "एनी ॲलर्जीज?" हा प्रश्न वाटी ठेवण्यापूर्वी विचारायला शिकवा. काजू फेनी बोंडूच्या रसापासून होते, काजूगरापासून नाही. तरी काजूची ॲलर्जी असलेल्या गेस्टला विद्यार्थ्याने स्वतःच्या भरवशावर "नो प्रॉब्लेम" म्हणू नये. शिकवायचं वाक्य: "इट्स मेड फ्रॉम द फ्रूट, नॉट द नट, बट लेट मी चेक विथ माय मॅनेजर." या घटकात "आय थिंक सो" हे उत्तर चूक धरा.

टप्पा ८: नकाराचा घटक

हा शेवटी ठेवला तरी घाईत उरकू नका. महाराष्ट्रात मद्यासाठी वयाची अट २५ आणि सौम्य बीअर व वाइनसाठी २१ आहे. गोव्यात नियम वेगळे. ड्राय डेच्या तारखाही राज्याप्रमाणे बदलतात. म्हणून छापील वाक्यात आकडा घालू नका, रिकामी जागा सोडा आणि विद्यार्थी जिथे काम करणार तिथल्या परवान्याप्रमाणे ती भरून घ्या.

वाक्याचा क्रम ठरलेला: खेद, कारण, पर्याय. "आय'म सॉरी, आय कान्ट सर्व्ह अल्कोहोल विदाउट अ व्हॅलिड आयडी. कॅन आय मेक यू अ मॉकटेल?" जास्त झालेल्या गेस्टला: "आय'म अफ्रेड आय कान्ट गेट यू अनदर ड्रिंक. लेट मी ब्रिंग सम वॉटर. शॅल आय कॉल यू अ कॅब?" "यू आर ड्रंक" हे वाक्य कुठेच येऊ देऊ नका, चुकीचं उदाहरण म्हणूनही नाही, कारण नेमकं तेच लक्षात राहतं.

मग गेस्टची बाजू. नकार ऐकून तो गप्प बसत नाही. "कम ऑन, जस्ट वन मोअर." "डू आय लुक ट्वेंटी टु यू?" "गेट मी युअर मॅनेजर." प्रत्येक कार्डावर असे निदान दोन हट्ट ठेवा. विद्यार्थ्याने तेच वाक्य त्याच सुरात दुसऱ्यांदा म्हणायचं, नवीन कारणं शोधायची नाहीत. नवीन कारण दिलं की वाद वाढतो.

टप्पा ९: चाचणी आणि दुरुस्ती

अंतिम चाचणी चार मिनिटांची: मॉक बार, अनोळखी आवाजातला गेस्ट, मागे गोंगाट. एकूण २० गुण. बीओटी बरोबर ८, न कळलेलं परत विचारलं ४, ऑर्डर परत वाचली ४, सूर आणि शब्द प्रसंगाला धरून ४. व्याकरणाचे वेगळे गुण नकोत. ॲलर्जीचा प्रश्न विचारलाच नाही तर बाकी काहीही असो, नापास.

साहित्य पहिल्या बॅचवर चालवताना प्रत्येक घटकाच्या प्रतीत तीन खुणा करा: जिथे शिक्षकाला मराठीत समजवावं लागलं, जिथे वेळ संपला, जिथे मुलं कंटाळली. एकाच जागी दोन बॅचमध्ये खूण पडली तर तो भाग पुन्हा लिहा. एकाच बॅचमध्ये पडली तर थांबा, तो दिवस वाईट असू शकतो.

गोव्यातले शॅक पावसाळ्यात बंद असतात, तोच दुरुस्तीचा काळ धरा. मेन्यूतून गेलेली ड्रिंक्स काढा, नवी घाला, किमती असलेली पानं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा म्हणजे दरवर्षी सगळं पुन्हा छापावं लागणार नाही. नोकरीला लागलेल्या मागच्या बॅचकडून न कळलेली दहा-दहा वाक्यं मागवून घ्या आणि ती थेट घटक १ च्या ऑडिओत टाका.